निर्दोष अहवालातील हृदयविकार

अहिल्यानगरच्या आनंदऋषीजी हॉस्पिटलमुळे अँजिओग्राफी हा शब्द जिल्ह्यातील घराघरांत रुळला. त्याबरोबर एक समजही रुळला: ब्लॉकेज नाही, म्हणजे झटका नव्हताच, पित्त असावे. हा समज घातक आहे.

झटका आलेल्या शंभरांपैकी साधारण ५ ते ६ रुग्णांच्या हृदयधमन्यांत ५० टक्के किंवा अधिक अरुंदपणा आढळत नाही. अशांत स्त्रियांचे प्रमाण तुलनेने मोठे असते. (आणि घरातील स्त्रीच्या छातीदुखीला प्रथम ओवा-सोडाच मिळतो!) धमनी काही काळ आकसते, गुठळी होऊन विरघळते, धमनीचे अस्तर आतून फाटते किंवा सूक्ष्म रक्तवाहिन्यांतील प्रवाह मंदावतो. अँजिओग्राफीत हे निसटू शकते. रक्तातील वाढलेले ट्रोपोनिन मात्र हृदयस्नायूला झालेली इजा सांगते.

१९९० च्या सुमारास जपानी डॉक्टरांनी याच्याशी मिळताजुळता एक विकार नोंदवला. तीव्र शोकानंतर हृदयाचा डावा कप्पा फुगतो. आकार ऑक्टोपस पकडण्याच्या मडक्यासारखा, म्हणून नाव ‘ताकोत्सुबो’. उतारवयातील स्त्रियांत तो अधिक दिसतो.

कारण बदलले की औषधही बदलते. म्हणून ‘नॉर्मल’ हा शेरा वाचून परस्पर गोळ्या थांबवू नयेत. झटक्याचे कारण डॉक्टरांना विचारावे. हृदयाच्या एमआरआयमधून ते पुष्कळदा उलगडते.