कर्णासाठी रडा, पण…

मंडळी, परवा घरी पुन्हा 'मृत्युंजय'वरून जुंपली. पुतण्या म्हणतो, कर्णच खरा नायक. धाकटी बहीण म्हणते, सावंतांनी व्यासांच्या गोष्टीची मोडतोड केली. मला दोघांचंही पटत नाही.

शिवाजी सावंतांनी १९६७ साली कर्णाला, कुंतीला, अगदी दुर्योधनालाही स्वतःच्या तोंडाने बोलू दिलं. त्यात गैर काय? वर्गात पोराचं म्हणणं ऐकल्याशिवाय मीही कधी शिक्षा केली नाही. पण ऐकून घेतलं म्हणजे माफ केलं असं नव्हे! सूतपुत्र म्हणून हिणवल्या गेलेल्या याच कर्णाने द्यूतसभेत द्रौपदीला वेश्या म्हटलं, तिची वस्त्रं उतरवायला सांगितलं. सभापर्व काढून बघा. "पण स्वयंवरात तिनेच आधी अपमान केला ना?" पुतण्याचा प्रश्न. अरे, भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीने तो प्रसंग मूळ संहितेत धरलेलाच नाही. आणि केला असता, तरी?

कर्णासाठी जरूर रडा, मीही रडलो आहे. फक्त त्याचं बिल द्रौपदीच्या नावावर फाडू नका. असो.