टोपी कशाची, हे विचारणारी शाळा



"तुमची मुलं शाळेत जात नाहीत, मग दिवसभर करतात तरी काय?" हा प्रश्न मला लग्नघरात, बस्तीत, भाजी बाजारात, सगळीकडे विचारतात. श्रावणात एका वहिनींना मी खरं ते सांगून टाकलं, "सध्या टोप्या करतात." त्या हसल्या. मला ते हसणं टोचलं, कारण त्यात थोडं तथ्य होतं. घरी शिकवणाऱ्या आम्ही आया हस्तकलेच्या फार मागे लागतो. रंगीत कागद, डिंक, कात्री, एक फोटो, की झाला धडा!

पण टोपीच्या त्या तीन आठवड्यांनी माझं मत बदललं. दहा वस्तू करण्यापेक्षा एकच वस्तू धरावी आणि ती कशाची, कुणाची, कशी आली, हे शेवटपर्यंत विचारत जावं. त्यात आपलीच पंचाईत झाली तरी.

सुरुवात सोपी होती. धाकट्याने वर्तमानपत्राची टोपी केली, ती दुपारपर्यंत फाटली. मग जुन्या सुती चादरीची गोल टोपी शिवायचं ठरलं. दोऱ्याने डोक्याचा घेर मोजला, 51 सेंटिमीटर. त्याला 3.14 ने भागून थोरलीने वरच्या चकतीचा व्यास काढला, सव्वासोळा सेंटिमीटर. हिशोब बरोबर, तरी टोपी डोक्यात जाईना! शिलाईसाठी कापडात माया सोडायचीच राहिली होती. आजी म्हणाल्या, "माया नसली की सगळंच घट्ट होतं गं." दुसरी टोपी बसली. परीघ आणि व्यास आता तिला पाठ करायला सांगावे लागत नाहीत.

मग आम्ही नकाशा घेतला. युरोपातल्या साहेबांच्या उंच टोप्या कित्येक वर्षं बीव्हर नावाच्या प्राण्याच्या केसांचा नमदा करून बनत. युरोपातले बीव्हर संपत आले, तेव्हा व्यापारी उत्तर अमेरिकेकडे वळले. 1670 साली स्थापन झालेल्या हडसन्स बे कंपनीचा मोठा व्यापार याच कातड्यांचा होता. पुढे नमद्याच्या कामात पाऱ्याचं रसायन वापरू लागले. त्याच्या वाफेने कारागिरांचे हात थरथरत, बुद्धी भ्रमिष्ट होई. म्हणजे एका टोपीपायी प्राणीही गेला आणि माणूसही.

"मग बीव्हर वाचले कसे?" धाकट्याने विचारलं. एकोणिसाव्या शतकात रेशमी टोपीची फॅशन आली आणि बीव्हरची मागणी घसरली, असं मी सांगितलं. त्याने टाळ्या वाजवल्या. थोरलीने वाजवल्या नाहीत. तिने विचारलं, "रेशीम कशाचं करतात?"

मला उत्तर माहीत होतं. कपाटात माझा लग्नाचा शालू होता, दशलक्षणात पूजेला नेसायचं रेशमी पातळ होतं, सासऱ्यांचा रेशमी फेटा होता. मी म्हटलं, "ते उद्या." आणि दुसऱ्या दिवशी मी दुसराच धडा काढला, पिसांच्या टोप्यांचा.

त्या धड्याने मला आणखीच पकडलं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी युरोप-अमेरिकेतल्या बायका पिसं खोवलेल्या टोप्या घालत. बगळ्यांची सर्वांत नाजूक पिसं विणीच्या दिवसांत येतात, म्हणून त्यांना तेव्हाच मारत. पिल्लं घरट्यात उपाशी मरत. हे थांबवायला पुढे आल्या त्या बायकाच. इंग्लंडात 1889 साली एमिली विल्यमसन यांनी पक्षी वाचवण्यासाठी बायकांचा गट जमवला. बॉस्टनमध्ये 1896 साली हॅरिएट हेमनवे आणि मिना हॉल यांनी ओळखीच्या बायकांना चहाला बोलावून पिसं न वापरण्याचं पटवायला सुरुवात केली. इंग्लंडात पिसांच्या आयातीवर बंदीचा कायदा व्हायला 1921 उजाडलं. त्याच्या कितीतरी आधी बायकांनी घराघरांत नियम घेतला होता.

मुलांनी लगेच पिच्छीचं विचारलं. मुनी महाराजांच्या हातातली मोरपिसं चालतात का? हे उत्तर मी न अडखळता दिलं. मोर दरवर्षी आपणहून पिसं टाकतो. त्या गळलेल्या पिसांची पिच्छी होते, आणि ती असते जीव बाजूला सारण्यासाठी.

"आणि रेशीम?" थोरलीने पुन्हा विचारलं.

या वेळी सांगितलं. किडा स्वतःभोवती कोश विणतो. पतंग होऊन बाहेर पडला तर कोशाचा सलग धागा तुटतो, म्हणून त्याआधीच कोश वाफेवर किंवा उकळत्या पाण्यात टाकतात. एका साडीत असे हजारो कोश जातात. ती काही बोलली नाही, फक्त कपाटाकडे पाहिलं. खरं सांगते, तिने भांडण केलं असतं तर बरं वाटलं असतं.

रात्री सासूबाईंशी बोलले. "शालू कुणाला देऊन टाकू का?" त्या म्हणाल्या, "टाकून तो किडा परत येणार आहे का? आहे ते आहे. नवीन घेऊ नकोस. आणि नियम तू घे, पोरांना घ्यायला लावू नकोस."

दशलक्षणातल्या आठव्या दिवशी, उत्तम त्यागाच्या दिवशी, मी नवीन रेशीम न घेण्याचा नियम घेतला. पूजेला सुती पातळ नेसले. दोघी-तिघींनी "का गं?" विचारलं. घरात लग्न उभं राहील तेव्हा आहेराचं काय, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. मानाच्या साड्या सुती दिल्या तर लोक बोलतील, हे मला ठाऊक आहे.

काही जणी म्हणतील, लहान मुलांना हे कशाला सांगायचं? माझं मत असं, की पाणी गाळायला आणि सूर्यास्तापूर्वी जेवायला आपण त्यांना शिकवतोच. मग कपाटाशी आलो की गप्प का बसायचं? मुलं शाळेत जात असोत की घरी शिकत असोत, प्रश्न आपल्या सोयीला लागला म्हणून धडा बदलला, तर ती तेवढंच शिकतात, की अहिंसा पाठशाळेपुरती असते. मी एक दिवस तेच शिकवून बसले होते.

तुम्हीही एखादी टोपी करून बघा. जुनी चादर, दोरा, सुई पुरे. मायेचे दोन सेंटिमीटर विसरू नका. आणि मुलांनी "कशाची?" विचारलं, तर "उद्या" म्हणू नका.