पाय गेल्यावर मिळणारा दाखला

नागपूरच्या सदरमधून सिव्हिल लाइन्सकडे निघाले की जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, उच्च न्यायालयाचे खंडपीठ आणि विधानभवन असे सगळे एका फेरीत गाठता येते. दिव्यांगांचे अर्ज, त्यांच्या याचिका आणि डिसेंबरातले त्यांचे मोर्चे यांची वाट याच परिसरातून जाते. पण सदरमध्ये राहणाऱ्या, टाइप वन मधुमेह झालेल्या मुलाच्या आईवडिलांनी यापैकी कोणत्या दारात कोणता अर्ज द्यायचा? मेयो किंवा मेडिकल रुग्णालयातले डॉक्टर मुलाचा आजार कागदावर लिहून देतील. तो कागद घेऊन दिव्यांग प्रमाणपत्रासाठी ऑनलाइन अर्ज भरायला बसले, की आजारांच्या यादीत तो सापडत नाही.

1995 च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये आला, 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला आणि त्याने ही संख्या 21 वर नेली. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस हे आजार तेव्हा आत आले. टाइप वन मधुमेह बाहेर राहिला.

'शुगर' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पन्नाशीतला माणूस, सकाळचे फिरणे आणि बिनसाखरेचा चहा येतो. टाइप वनचा या चित्राशी काही संबंध नाही. इथे शरीराची संरक्षणयंत्रणाच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. त्यात मुलाच्या खाण्यापिण्याचा दोष नसतो आणि आईच्या लाडाचाही नसतो. इन्सुलिन बाहेरून दिले नाही, तर रक्तात आम्ल साचून मूल काही दिवसांत दगावू शकते. जानेवारी 1922 मध्ये टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन या 14 वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन मिळाले. तोपर्यंत या आजाराचे निदान म्हणजे मृत्यूचीच बातमी होती.

आता ही मुले जगतात, पण त्यासाठी घरात रोज राबावे लागते. जेवणाआधी बोटाला सुई टोचून शुगर पाहायची. ताटात किती पोळी, किती भात आहे त्यावरून डोस ठरवायचा. खेळाचा तास असेल तर तो कमी करायचा, ताप असेल तर पुन्हा नवा हिशेब. दिवसाला चार इंजेक्शने धरली तरी वर्षाला 1460 होतात, आणि तपासणीसाठी टोचलेली बोटे त्यात मोजलेली नाहीत. झोपेत शुगर लो झाली तर मूल बेशुद्ध पडू शकते, म्हणून रात्री दोन-तीनला कुणीतरी उठतेच. न उघडलेली कुपी 2 ते 8 अंश तापमानात ठेवायची असते आणि नागपूरचा मे महिना 45 अंशांच्या घरात असतो. ज्यांच्याकडे फ्रीज नाही, ती घरे ओल्या माठात कुपी ठेवून उन्हाळा काढतात.

यातले काहीही टक्क्यांत बसत नाही. 2016 च्या कायद्यातले बहुतेक लाभ 40 टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी आहेत आणि ते टक्के शरीराने काय गमावले यावरून ठरतात. टाइप वनच्या मुलाचे हातपाय, डोळे, कान शाबूत असतात. ते शाबूत राहावेत म्हणूनच त्याची आई रात्री उठते. वीस-पंचवीस वर्षांनी, शुगर तपासायच्या पट्ट्या परवडल्या नाहीत किंवा डोस चुकत गेले म्हणून डोळ्यांचा पडदा निकामी झाला, तर अंधत्वाचा दाखला मिळेल. जखम चिघळून पाय कापावा लागला, तर अस्थिव्यंगाचा मिळेल. मूत्रपिंडे गेली आणि डायलिसिस सुरू झाले, तर मात्र तेव्हाही नाही, कारण मूत्रपिंडाचा आजार यादीत नाही. उपचार हरल्यावर सरकार मदतीला येते आणि उपचार जिंकावा म्हणून घर झगडत असते तेव्हा ते कुठेच नसते. या कायद्याची ही सर्वांत मोठी चूक आहे आणि ती सुधारली पाहिजे.

इतर देशांनी हे मोजायचे वेगळे मार्ग काढले. कॅनडात कर सवलतीसाठी उपचारांवर आठवड्याला किमान 14 तास जातात का, हे पाहिले जाते. पूर्वी तिथल्या पालकांना मिनिटामिनिटाचा हिशेब द्यावा लागे. 2021 च्या करवर्षापासून टाइप वन असलेली प्रत्येक व्यक्ती ही अट पूर्ण करते असेच मानले जाते. जर्मनीत दिवसाला किमान चार इंजेक्शने, प्रत्येक डोस स्वतः ठरवण्याची गरज आणि त्यामुळे आयुष्यावर पडणारा मोठा ताण, एवढे दाखवता आले तर दिव्यांगत्वाचा 50 चा दर्जा मिळतो. अमेरिका लाभ देताना हात आखडता घेते. 2011 मध्ये तिने मधुमेहाला स्वतंत्र आजार म्हणून सामाजिक सुरक्षेच्या यादीतून वगळले. तरीही रोज इन्सुलिन लागणाऱ्या, सहा वर्षांखालच्या मुलाला ती दिव्यांग मानते. एवढ्या लहान मुलाला शुगर लो झाल्याचे सांगता येत नाही, त्याच्यावर कुणीतरी चोवीस तास लक्ष ठेवावे लागते, हे तिथल्या नियमाला कळले आहे.

आपल्याकडेही मधुमेह टक्क्यांत मोजला जातो, पण तो सैन्यात. लष्कराच्या दिव्यांग निवृत्तिवेतनाला किमान 20 टक्क्यांची अट असते. मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मधुमेह झालेल्या एका निवृत्त सैनिकाचे असे निवृत्तिवेतन कायम ठेवले. तो आजार टाइप टू होता आणि प्रश्न सेवेतल्या ताणाचा होता, त्यामुळे तो निकाल इथे जसाच्या तसा लावता येणार नाही. पण मधुमेहाचे मूल्यमापन करताच येत नाही, ही सबब त्यानंतर टिकत नाही.

आणि नागपूरला तर आजार यादीत कसा जातो हे शिकवण्याची गरज नाही. मध्य भारतातल्या सिकलसेलवरची शुक्ला आणि सोळंकी यांची नोंद 'लॅन्सेट'मध्ये 1958 साली छापून आली. त्यानंतर कित्येक दशके विदर्भातल्या वस्त्यांमध्ये मुले सांधे धरून रडत राहिली आणि 'कामचुकार', 'अशक्त' असे शेरे ऐकत राहिली, कारण वेदना बाहेरून दिसत नव्हती. नागपूरचे संपत रामटेके यांनी सिकलसेल सोसायटी ऑफ इंडिया उभी करून हा प्रश्न सरकारदरबारी लावून धरला. 2018 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. त्याआधीच, 2016 मध्ये, सिकलसेल कायद्यात आला होता. बाहेरून न दिसणारा, अधूनमधून उसळणारा, रक्तातला आजार दिव्यांगत्व ठरू शकतो हे देशाला पटवण्यात या शहराचा वाटा आहे. टाइप वनसाठीही इथे काम झाले आहे. डॉ. शरद पेंडसे यांचा ड्रीम ट्रस्ट धंतोलीतून गरीब घरांतल्या मुलांना वर्षानुवर्षे मोफत इन्सुलिन पुरवत आला. मुलीच्या औषधावर खर्च करायला कचरणारी घरेही त्या कामात दिसली. पण दानावर चालणारे औषध दान आटले की थांबते. ज्या औषधावाचून मूल जगत नाही, त्याचा पुरवठा हक्क म्हणूनच व्हायला हवा.

यावर नेहमीचा आक्षेप संख्येचा असतो. आयसीएमआरच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात 10 कोटींहून अधिक मधुमेही आहेत, एकाला दार उघडले तर सगळे येतील, असे सांगितले जाते. पण टाइप वन हा त्यातला अगदी छोटा गट आहे आणि तो रक्तातील अँटीबॉडी व सी-पेप्टाइडच्या तपासणीने वेगळा काढता येतो. तज्ज्ञाचे प्रमाणपत्र, या तपासण्या आणि निदानापासूनची इन्सुलिनची नोंद एवढी अट ठेवली तर गर्दीची भीती उरत नाही.

दुसरा आक्षेप घरातूनच येतो आणि तो जास्त गंभीर आहे. मुलगी 'दिव्यांग' म्हणून कागदावर आली तर तिचे लग्न कसे जमणार, नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत काय होणार, असे पालक विचारतात. त्यांची भीती खरी आहे. म्हणून हा दाखला कुणावर लादला जाऊ नये. मागेल त्याला मिळावा. सरकारी नोकऱ्यांतले चार टक्के आरक्षणही टाइप वनसाठी मागू नये. सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया यादीत असूनही नोकरीच्या आरक्षणात नाहीत. अंध, कर्णबधिर आणि अस्थिव्यंग उमेदवारांच्या जागांत वाटेकरी न होता यादीत येण्याची वाट त्यांनी आधीच घालून दिली आहे. टाइप वनला हवे आहे ते इन्सुलिन, पट्ट्या, शुगर मोजणारे सेन्सर आणि शाळा-परीक्षेतली मुभा.

परीक्षेतली मुभा तर दिल्लीची वाट न पाहता देता येईल. विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये स्पष्ट केले की, 40 टक्क्यांची अट पूर्ण न करणाऱ्या दिव्यांग व्यक्तीलाही वाजवी सोयीचा हक्क आहे. सीबीएसईने 2017 मध्येच मधुमेही विद्यार्थ्यांना साखरेच्या गोळ्या, फळे आणि पाणी परीक्षागृहात नेऊ दिले. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने 2023 मध्ये राज्यांना पत्र लिहून वर्गात शुगर तपासू द्या, इन्सुलिन घेऊ द्या, मधल्या वेळी खाऊ द्या असे कळवले आणि उत्तर प्रदेशने त्यावर आदेश काढला. केरळमध्ये 'मिठायी' योजनेतून या मुलांना सरकार इन्सुलिन आणि उपकरणे पुरवते. महाराष्ट्रात महात्मा फुले जन आरोग्य योजना रुग्णालयात दाखल झाल्यावर उपयोगी पडते. घरच्या फ्रीजमधली कुपी आणि डब्यातल्या पट्ट्या तिच्या कक्षेत येत नाहीत.

संजय गांधी निराधार अनुदान योजना पूर्णपणे राज्याच्या हातात आहे. क्षयरोग, कर्करोग, पक्षाघात, कुष्ठरोग, एड्स यांसारख्या दुर्धर आजारांमुळे कमावू न शकणाऱ्यांना ती मदत करते. दिव्यांगांसाठी तिची रक्कम 2025 मध्ये महिना 2500 रुपये झाली. टाइप वन असलेल्या मुलांना या योजनेत घ्यायला संसदेची परवानगी लागत नाही. मात्र वार्षिक 21 हजार आणि दिव्यांगांसाठी 50 हजार अशी उत्पन्नमर्यादा तशीच ठेवली, तर मजुरीवर जाणाऱ्या आईचे मूलही बाहेर राहील. या मुलांसाठी ती बदलावीच लागेल.

राहिला प्रश्न यादीचा. 2016 च्या कायद्याचे कलम 99 सांगते की, राज्य सरकारने शिफारस केली तर केंद्र साध्या अधिसूचनेने ही यादी असलेल्या परिशिष्टात बदल करू शकते. नवा कायदा किंवा दुरुस्ती विधेयक लागत नाही. दिव्यांगांसाठी स्वतंत्र मंत्रालयीन विभाग महाराष्ट्राने 2022 मध्येच सुरू केला आहे, त्यामुळे ही शिफारस कोणी लिहायची हा प्रश्नही उरलेला नाही. हिवाळी अधिवेशन नागपुरातच भरते. विदर्भातल्या एखाद्या आमदाराने त्या शिफारशीचा ठराव मांडावा आणि सिकलसेलसाठी झगडलेल्या याच शहरातल्या संघटनांनी त्याच्या मागे उभे राहावे.