शिदोरी आणि पाणवठा

गेल्या वर्षी आमच्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या टेबलावरून एक मैत्रीण उठून गेली. भांडण वगैरे काही झालं नाही. तिने आपली कॅरेक्टर शीट माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "पुढच्या रविवारी मला धरू नका." या खेळाची डंजन मास्टर मी. म्हणजे गोष्ट पुढे नेणारी आणि नियम सांभाळणारी. ती वॉरलॉक खेळत होती. नंतर आम्हा सगळ्यांचं एकमत झालं की वॉरलॉक हा क्लासच कमजोर, तिने दुसरा घ्यायला हवा होता. मीही मान डोलावली. आज मला वाटतं की दोष क्लासचा नव्हता, माझा होता.

ज्यांनी हा खेळ खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. प्रत्येक खेळाडू एक पात्र घेतो आणि त्या पात्राचा एक क्लास असतो: योद्धा, विझार्ड, मंक, वॉरलॉक असे. बहुतेक क्लासना काही खास ताकदी असतात आणि त्या मोजून मिळतात. वापरल्या की संपतात, विश्रांती घेतली की भरतात. मोजून मिळण्याची ही कल्पना मुळात एका पुस्तकातून आली, हे आपल्या मंडळाला आवडेल. जॅक व्हान्सच्या 1950 सालच्या 'द डाइंग अर्थ'मधल्या जादूगारांच्या डोक्यात एका वेळी मोजकेच मंत्र मावतात आणि मंत्र म्हटला की तो विसरला जातो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा खेळ 1974 साली आला, त्यात जादूचा हाच नियम घेतला गेला.

मला हा नियम मनापासून आवडतो. हातात मोजकंच असतं म्हणून निवड करावी लागते आणि निवडीतूनच पात्र कळतं. शेवटचा मंत्र स्वतःला वाचवायला वापरायचा की जखमी सोबत्याला, हा प्रश्न अमर्याद जादू असलेल्या माणसाला पडतच नाही. त्यामुळे साठे काढून टाका असं मी म्हणणार नाही. प्रश्न एवढाच आहे की ते भरतात कधी.

पाचव्या आवृत्तीत, म्हणजे 2014 च्या नियमांत, दोन प्रकारची विश्रांती आहे. लाँग रेस्ट म्हणजे आठ तासांची रात्र. शॉर्ट रेस्ट म्हणजे तासभर टेकणं. विझार्डचे मंत्र मुख्यतः रात्रीच्या झोपेनंतर भरतात. पाचव्या पातळीवर त्याच्याकडे पहिल्या प्रतीचे 4, दुसऱ्या प्रतीचे 3 आणि तिसऱ्या प्रतीचे 2 असे 9 स्लॉट असतात. त्याच पातळीवर वॉरलॉककडे फक्त 2. पण ते दोन्ही तिसऱ्या प्रतीचे आणि प्रत्येक शॉर्ट रेस्टनंतर पुन्हा भरणारे. सोप्या भाषेत, विझार्ड दिवसाची शिदोरी बांधून निघतो आणि वॉरलॉक वाटेतल्या पाणवठ्यांच्या भरवशावर निघतो.

आता हिशोब बघा. त्या नियमांच्या डंजन मास्टरसाठीच्या पुस्तकात एका दिवसात मध्यम किंवा कठीण अशा सहा ते आठ चकमकी आणि मध्ये साधारण दोन शॉर्ट रेस्ट गृहीत धरल्या आहेत. अशा दिवशी वॉरलॉकला तिसऱ्या प्रतीचे एकूण 6 मंत्र मिळतात. विझार्डला तासाभराच्या विश्रांतीत एकदा थोडी भर घालता येते, पण तरी त्याला आपला साठा सहा चकमकींवर पुरवून खावा लागतो. दोघांचं पारडं बऱ्यापैकी सारखं राहतं.

आमच्या टेबलावर काय चालायचं? रविवारी मिस्सा आणि जेवण आटोपून आम्ही तीन तास बसायचो. तेवढ्यात गप्पा, थोडा तपास आणि एकच मोठी चकमक व्हायची. मग गोष्टीत रात्र व्हायची, सगळे झोपायचे. चकमक चार फेऱ्यांची असेल तर विझार्ड दर फेरीला एक चांगला मंत्र टाकायचा आणि तरी त्याच्याकडे 5 स्लॉट उरायचे. माझी मैत्रीण दोन मंत्र टाकायची आणि मग तोच एक फुकटचा मारा करत बसायची. मंकचंही तेच व्हायचं. पाचव्या पातळीवर त्याच्याकडे कीचे 5 गुण असतात. दोन शॉर्ट रेस्ट मिळाल्या तर दिवसाचे 15 होतात, नाही मिळाल्या तर पाचच. ज्या वाटेवर मी एकही पाणवठा ठेवला नव्हता, त्या वाटेवर मी तिला "तू कमी का पडतेस?" असं विचारत होते.

"मग तिने शॉर्ट रेस्ट मागायची ना," असं आमच्यातला एक जण म्हणाला. मागितली होती, दोनदा. राजहंसगड चढताना दम लागलेल्या माणसाला "जरा थांबूया का" म्हणताना जसा संकोच होतो, तसाच तिलाही होत असणार. बाकीच्यांना गरज नव्हती, त्यामुळे ते म्हणाले, "आत्ता कशाला? पुढे जाऊ." ज्याला गरज आहे त्यालाच दर वेळी सगळ्यांना थांबवावं लागतं. त्यातून हळूहळू असं चित्र तयार होतं की हाच माणूस मागे ओढतो. ही गोष्ट नियमांच्या पुस्तकात कुठे लिहिलेली नाही, पण माणसं टेबल सोडतात ती यामुळे.

यावर उपाय शोधले गेले आहेत. 2008 च्या चौथ्या आवृत्तीत बहुतेक सगळ्या क्लासना एकाच साच्यातल्या ताकदी दिल्या होत्या: काही कधीही वापरायच्या, काही चकमकीत एकदा, काही दिवसातून एकदा. न्याय चोख होता, पण योद्धा आणि विझार्ड हातात घेतल्यावर सारखेच वाटतात अशी तक्रार खूप जणांनी केली. मला ती पटते. सगळ्यांच्या डब्यात एकच भाजी घातली की भांडण मिटतं, पण डबा उघडायची उत्सुकताही जाते. 2024 च्या सुधारित नियमांत वॉरलॉकला मिनिटभराच्या विधीने निम्मे स्लॉट परत मिळवता येतात, दोन लाँग रेस्टच्या मध्ये एकदा. बदल चांगला आहे. पण मला तो कबुलीजबाबासारखा वाटतो: टेबलावर शॉर्ट रेस्ट मिळतच नाही, हे मान्य केल्याचा.

माझं मत असं आहे की क्लासचे आकडे बदलण्याआधी दिवस बदलावा. 2013 सालच्या 'थर्टीन्थ एज' या खेळात पूर्ण भरपाई झोपेवर नाही, चार चकमकींवर अवलंबून असते. पाचव्या आवृत्तीच्या पुस्तकातही एक पर्यायी नियम आहे: शॉर्ट रेस्ट म्हणजे आठ तास आणि लाँग रेस्ट म्हणजे सात दिवस. आमच्यासारख्या एका बैठकीत एकच चकमक करणाऱ्यांना हा अगदी सोयीचा आहे. रात्र झाली तर होऊ दे, शिदोरी आठवड्याचीच.

आम्ही आता तो घेतला आहे. सोबत दोन गोष्टी ठरवल्या. दोन लाँग रेस्टच्या मध्ये किमान चार चकमकी आणि दोन शॉर्ट रेस्ट होणार, हे मी आधीच सांगते. आणि शॉर्ट रेस्ट कुणी मागायची नाही, ती मी जाहीर करते. पाणवठा नकाशावरच असला की कुणाला तहान सिद्ध करावी लागत नाही.

हे सगळं मी मैत्रिणीला सांगितलं आणि आधी माफी मागितली. ती तीच जुनी शीट घेऊन परत आली. चौथ्या चकमकीला विझार्डकडे पहिल्या प्रतीचा एकच स्लॉट उरला होता आणि तो दारात घुटमळत होता. ती म्हणाली, "तू माझ्या मागे राहा." तिचे दोन्ही स्लॉट भरलेले होते.

तुमच्यापैकी जे टेबल चालवतात त्यांना एक विनंती. कुठला क्लास कमजोर आहे यावर वाद घालण्याआधी आपल्या मागच्या तीन बैठका आठवा आणि मोजा: चकमकी किती झाल्या आणि शॉर्ट रेस्ट किती दिल्या? माझ्या वहीत दुसऱ्या रकान्यात तीनही वेळा शून्य होतं.