नशिबाचा जमाखर्च

दिवाळी आली की आमच्या घरी कपाटातला पत्त्यांचा जोड बाहेर निघतो. पाच-तीन-दोन, लाडीस, मेंढीकोट, आणि पैज फार तर चहाच्या कपाची. गेल्या दिवाळीत मात्र या पत्त्यांनीच आमच्याकडे मोठा पेच आणला. माझा भाचा मुंबईत बऱ्यापैकी नोकरीत आहे. तो गोव्याला, मांडवीत उभ्या असलेल्या एका जहाजावर, पोकरच्या स्पर्धेत पहिला आला. आणि आता नोकरी सोडून हाच धंदा करायचा, असे त्याने घरी जाहीर केले. पहिल्या वर्षाच्या प्रवेशफीसाठी आईने मुदतठेव मोडावी, अशी त्याची विनंती.

अक्का माझ्याकडे आली. म्हणाली, "तू जन्मभर विम्याच्या कचेरीत आकडे मोडलेस. तूच सांग, पोराच्या अंगात विद्या आहे, की नुसतेच दैव उघडलेय?"

वाचकहो, प्रश्न साधा दिसतो. पण तसा तो नाही. या खेळात प्रत्येकाला दोन पाने झाकलेली मिळतात आणि पाच पाने मध्ये सर्वांसाठी उघडतात. कोणती पाने यावीत हे दैवाधीन. पण केव्हा पैसे वाढवावेत, केव्हा पाने टाकून द्यावीत, समोरच्याच्या मनात काय आहे, हे ओळखणे ही विद्या. स्पर्धेत सगळे सारखी फी भरतात, सारख्या सोंगट्या घेऊन बसतात आणि सोंगट्या संपल्या की उठतात. घड्याळाच्या ठोक्याबरोबर डावाची किंमत वाढत जाते, म्हणून चांगली पाने येईपर्यंत हातावर हात ठेवून बसताही येत नाही.

भाच्याने अमेरिकेतला दाखला दिला. "मामा, २००३ साली लास वेगासच्या जागतिक स्पर्धेत ८३९ खेळाडू होते. प्रत्येकी फी दहा हजार डॉलर. जिंकला कोण? टेनेसीचा एक हिशेबनीस! किरकोळ फीच्या स्पर्धेतून वर चढत आला आणि पंचवीस लाख डॉलर घेऊन गेला. नाव ख्रिस मनीमेकर."

"आडनाव तर मुहूर्त पाहूनच ठेवलेले दिसते," मी म्हणालो. "पण ८३९ जण बसले म्हणजे कोणीतरी एक जिंकणारच. त्याच स्पर्धेत तिसरा कोण आला ते सांग."

ते त्याला ठाऊक होते. डॅन हॅरिंग्टन. हा गृहस्थ १९९५ साली विजेता होता. २००३ साली ८३९ जणांत तिसरा आला आणि २००४ साली २,५७६ जणांत चौथा. निव्वळ नशिबाने ठरावीक माणूस दोन्ही वर्षी शेवटच्या नऊ जणांत येण्याचा संभव सुमारे सत्तावीस हजारांत एक. शिवाय हा माणूस आम्ही मागाहून शोधून काढलेला नाही. आठ वर्षांपूर्वीच त्याचे नाव झालेले होते. माझ्या मते विजेत्यापेक्षा हा तिसरा-चौथा नंबरच अधिक बोलका आहे.

मग मी कागद घेतला. तुझ्या हाती दोन एक्के, समोरच्याच्या हाती दोन राजे, आणि सगळ्या सोंगट्या पणाला. याहून चांगली स्थिती क्वचितच मिळते; तरी शंभरांत सुमारे ८२ वेळाच एक्के जिंकतात. असा जीवावरचा प्रसंग पाच वेळा आला, तर पाचही वेळा तरून जाण्याचा संभव शंभरांत ३७. म्हणजे चूक एकही न करता बहुतेक वेळा घरी!

आता हजार जणांची स्पर्धा घे. सामान्य खेळाडू हजारांत एकदा जिंकेल. समजा, तू त्याच्या तिप्पट वेळा जिंकणारा आहेस. तुझ्यासारखे शंभर पंडित प्रत्येकी शंभर स्पर्धा खेळले, तर त्यांतले ७४ जण एकदाही न जिंकता परततील. उलट शंभर सामान्य खेळाडूंतले नऊ-दहा जण जेतेपद घेऊन मिरवतील. तेव्हा एका विजयावरून तू कोणत्या रांगेतला, हे कसे ओळखावे?

भाचा हिरमुसला. "म्हणजे विद्या नाहीच?"

"विद्या आहे," मी म्हणालो. "पण ती एका डावात दिसत नाही." आमच्या विम्याच्या धंद्यात अमुक माणूस केव्हा जाईल हे कोणी सांगत नाही, हजारांत किती जातील ते सांगतात. अमेरिकेतले अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन लेविट आणि थॉमस माइल्स यांनी २०१० सालच्या जागतिक स्पर्धांचा असाच हिशेब केला. आधीपासून नाणावलेले खेळाडू त्यांनी वेगळे काढले. त्यांना भरलेल्या फीवर सरासरी तीस टक्क्यांहून अधिक नफा झाला. बाकीच्यांना सरासरी पंधरा टक्के तोटा. विद्या ठळक दिसली, पण थव्यात, एकट्यादुकट्यात नव्हे.

"तुझ्या बक्षिसांची यादी पाहिली," मी पुढे म्हणालो. "आता फीची दाखव." ती त्याने ठेवलीच नव्हती. पेपरात येणाऱ्या याद्यांचेही तेच. बक्षिसे छापतात, ती मिळवायला किती वेळा फी भरली, ते कोण छापतो?

भाऊबीजेला तो वही घेऊन आला. बँकेच्या नोंदी चाळून त्याने दोन वर्षांच्या ३८ स्पर्धा, फी, प्रवास आणि मुक्काम, सारे मांडले होते. गोव्याचे बक्षीस धरले तर थोडा नफा. वगळले तर सरळ तोटा. अक्काने विचारले, "मग निकाल काय?"

मी म्हणालो, "३८ नोंदींवर निकाल देणार नाही. विद्या नाही असे माझे म्हणणे नाही; पुरावा नाही, एवढेच. पुरावा पगारातून गोळा करावा, आईच्या ठेवीतून नव्हे."

त्याला राग आला, हे कबूल करतो. फराळ न करता तो निघून गेला आणि अक्का दोन महिने माझ्याशी जेवढ्यास तेवढे बोलत होती.

नळराजाची गोष्ट आपण सारे ऐकत आलो. द्यूतात राज्य गमावल्यावर त्याला अक्षविद्या दिली ती ऋतुपर्णाने. आणि त्याआधी बेहड्याच्या झाडाची पाने-फळे न मोजता सांगून दाखवली. नळाने ती मोजून खात्री केली, मगच पुन्हा फासे हाती घेतले.

परवा भाच्याचा फोन आला. नोकरी चालू आहे, ठेव शाबूत आहे. वहीत ६१ नोंदी झाल्या आहेत. नफा की तोटा, ते त्याने सांगितले नाही. मीही विचारले नाही. "मामा, दुसरी वही आणली," एवढेच म्हणाला. फराळाला मात्र येणार आहे.