शाळेबाहेरचं गणित : ॲव्हरेज बसलं नाही



या वेळचं कोडं माझं नाही. ते पत्रातून आलंय, मारेगावहून, सातवीतल्या एका मुलीकडून. पत्राच्या डोक्यावरच तिने लिहिलंय, "माझं नाव छापू नका. बाबांच्या मालकाच्या घरीसुद्धा तुमचा अंक येतो." म्हणून नाव छापत नाही. पत्र मात्र वाचाच.

"काका, माझे बाबा ट्रक चालवतात. पांढरकवड्याहून कापसाच्या गाठी भरून हैदराबादला जातात. परवा घरी आले आणि आईला म्हणाले, ‘ह्या खेपेले बी ॲव्हरेज नाई बसलं. अठराशे कापले.’ आमच्या वर्गातला एक मुलगा म्हणतो, ॲव्हरेज बसत नाही म्हणजे ड्रायव्हर वाटेत डिझेल विकतो. मी त्याच्याशी भांडले. पण रात्री मला झोप आली नाही. ॲव्हरेज म्हणजे सरासरीच ना? ती तर आम्हाला शाळेत शिकवली आहे. मग ती बसते कशी आणि बसत नाही कशी?"

पोरी, तुझा प्रश्न वाचून मीसुद्धा कागद-पेन्सिल घेऊन बसलो. चल, आपण मिळून सोडवू. बाकीच्यांनीही वही काढा.

आधी ॲव्हरेज म्हणजे काय ते बघू. एक लिटर डिझेलमध्ये गाडी किती किलोमीटर जाते, त्या आकड्याला ट्रकवाले ॲव्हरेज म्हणतात. बरेच मालक हा आकडा आधीच ठरवून देतात. तेवढंच डिझेल मंजूर. कमी लागलं तर काही ठिकाणी वाचलेल्या डिझेलचे पैसे ड्रायव्हरला मिळतात. जास्त लागलं, की त्याच्या पैशांतून कापले जातात. ‘ॲव्हरेज बसलं नाही’ म्हणजे हेच.

मालक असं का करतो? त्याचीही बाजू आहे. गाडी शेकडो किलोमीटर लांब असते आणि तो घरी असतो. ट्रकच्या खर्चात सगळ्यात मोठा वाटा डिझेलचा. शिवाय बँकेचा हप्ता, टायर, टोल, विमा आहेच. आणि खोटं कशाला बोलू, डिझेल विकणारे ड्रायव्हरही असतात. तेव्हा काहीतरी मोजमाप हवंच. प्रश्न एवढाच, की ते बरोबर काढलंय का?

आता गणित. पांढरकवडा ते हैदराबाद हे अंतर साधारण साडेतीनशे किलोमीटर. आपण भागाकार सोपा व्हावा म्हणून ३६० धरू. रस्ता तुम्हाला माहीत असेल : श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४. पूर्वी याला ‘सात नंबर’ म्हणायचे, अजूनही जुनी माणसं म्हणतात. करंजी, पांढरकवडा, पाटणबोरी करत तो आदिलाबादकडे उतरतो.

कापसाची एक गाठ १७० किलोची. शंभर गाठी भरल्या तर १७,००० किलो, म्हणजे १७ टन. एवढं ओझं घेऊन जाताना समजा ट्रक लिटरला ३ किलोमीटर जातो. गाठी उतरवून रिकामा परत येताना लिटरला ६. मग जाण्यायेण्याचं ॲव्हरेज किती?

"साडेचार!" असं तुमच्यातल्या निम्म्यांनी ओरडून सांगितलं असेल. ३ अधिक ६ म्हणजे ९, भागिले २. कोणीही हेच करील. एखादा मालकही हेच करील आणि त्याच्या मनात काही वाईट नसेल. पण उत्तर चूक आहे!

कसं ते बघा. जाताना ३६० भागिले ३, म्हणजे १२० लिटर. येताना ३६० भागिले ६, म्हणजे ६० लिटर. एकूण डिझेल १८० लिटर, एकूण रस्ता ७२० किलोमीटर. आता ७२० भागिले १८०. आलं ना ४? साडेचार नाही, चार!

असं का झालं? कारण अंतर दोन्हीकडे सारखं असलं तरी डिझेल सारखं जळत नाही. जड बाजूला दुप्पट जळतं, म्हणून सरासरी तिकडे झुकते. सायकलवर वाऱ्याविरुद्ध शाळेत जाताना वेळ जास्त लागतो, तसंच.

साडेचारच्या हिशेबाने मंजूर डिझेल किती? ७२० भागिले ४.५, म्हणजे १६० लिटर. खरं लागलं १८०. फरक २० लिटरचा. डिझेल लिटरला ९० रुपये धरलं तर किती झाले? अठराशे. पोरी, तुझ्या पत्रातला आकडा!

तुझ्या बाबांच्या मालकाने हीच चूक केलीय असं मी म्हणत नाही. मला ते इथे बसून कळणार नाही. टायर झिजलेले असतील, गाडी जुनी असेल, वजन जास्त असेल, तरी डिझेल जास्त जळतं. मोठ्या शहरात दिवसा जड गाड्यांना नो एंट्री लागली आणि बाहेरून वळसा पडला, तरी कागदावरचे किलोमीटर तेवढेच राहतात. समजा वळशाचे २० किलोमीटर वाढले, तर लिटरला ४ प्रमाणे ५ लिटर, म्हणजे साडेचारशे रुपये. पण एवढं नक्की सांगतो : एक थेंबही न विकता ॲव्हरेज चुकू शकतं. वर्गातल्या त्या मुलाला हा हिशेब फळ्यावर करून दाखव. भांडायची गरज नाही.

आता दुसरं गणित. हे मला जास्त टोचतं.

बऱ्याच ड्रायव्हरांना पैसे खेपेवर किंवा किलोमीटरवर मिळतात. समजा किलोमीटरला ३ रुपये. ७२० किलोमीटरचे झाले २,१६० रुपये. ताशी सरासरी ४० किलोमीटर धरले तर स्टिअरिंगवरचे तास १८. म्हणजे तासाला १२० रुपये.

पण गाठी भरायला रांग, वजनकाट्यावर रांग, गिरणीच्या फाटकावर रांग, उतरवायला हमाल येईपर्यंत थांबा. समजा यातही १८ तास गेले. पैसे तेच २,१६०, तास झाले ३६. तासाला उरले ६० रुपये, निम्मे! त्या १८ तासांत ड्रायव्हर झोपूही शकत नाही, कारण रांग पुढे सरकली की गाडी सरकवायची. इंजिन चालू-बंद होत राहतं, किलोमीटर वाढत नाहीत, डिझेल मात्र जळतं. ॲव्हरेज पुन्हा खाली!

मग तुटलेला वेळ भरून काढायला माणूस रात्रीची गाडी हाणतो. अपघात इथेच होतात. म्हणून हा प्रश्न फक्त ड्रायव्हरच्या घरचा नाही, त्याच रस्त्याने एसटीतून जाणाऱ्या तुमचा-आमचाही आहे.

याचा विचार कायद्याने केला होता का? केला होता. १९६१ साली मोटार वाहतूक कामगारांसाठी कायदा झाला. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास, आणि सलग ५ तास काम झालं की निदान अर्धा तास विश्रांती, असं त्यात होतं. मात्र तो पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्यांना लागू होता. एक-दोन गाड्यांचे मालक आपोआप बाहेर राहिले. २०२५ च्या नोव्हेंबरपासून हा विषय नव्या कामगार संहितेत गेलाय.

थोडं थांबणं कमीही झालंय. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि राज्यांच्या सीमांवरचे विक्रीकराचे नाके उठले. मालाबरोबर जे ई-वे बिल असतं, त्याची मुदत २०० किलोमीटरला एक दिवस अशी मोजतात. म्हणजे आपल्या ३६० किलोमीटरना दोन दिवस. कागद माणसापेक्षा निवांत चालतो म्हणायचा!

आणि हे फक्त आपल्याकडेच नाही. अमेरिकेतही पुष्कळ ड्रायव्हरांना मैलावर पैसे मिळतात, आणि मैल अनेकदा गाडीच्या मीटरचे नाही, तर कंपनीच्या तक्त्यातले धरतात. तिथे दिवसाला ११ तासांपेक्षा जास्त ट्रक चालवायचा नाही असा नियम आहे. तरी फाटकावर फुकट थांबण्याची तक्रार तिथेही आहेच.

तर पोरी, एक काम कर. बाबांना एक छोटी डायरी दे. निघताना टाकी फुल करून मीटरचं रीडिंग लिहायचं. गाडी रिकामी झाली की पुन्हा टाकी फुल, पुन्हा रीडिंग. भरलेल्या गाडीचं ॲव्हरेज वेगळं, रिकाम्या गाडीचं वेगळं. फाटकावर किती वाजता पोचले, किती वाजता सुटले, तेही लिहायचं. पाच खेपांची डायरी झाली की तू बेरीज-भागाकार कर आणि बाबांना तो कागद मालकासमोर ठेवू दे. आवाज चढवायला नको. बरोबर केलेला भागाकार मालकालाही पटवून देता येतो.

आणि हो, बाबांना विचार, "रांगेत किती वेळ होता?" ॲव्हरेज त्यांना सगळेच विचारतात. हे बहुधा कोणी विचारत नाही.

आता बाकीच्यांसाठी कोडं. वणीच्या खाणीतून एक ट्रक ६० किलोमीटरवर कोळसा पोचवतो. भरलेला जाताना लिटरला ३ किलोमीटर, रिकामा येताना ५. मालकाने ॲव्हरेज ४ धरलं. खरं ॲव्हरेज किती? महिन्याला २५ खेपा झाल्या आणि डिझेल ९० रुपये लिटर असेल, तर महिन्याला किती रुपयांचा फरक पडेल?

रीत दाखवून पत्राने उत्तर कळवा. नुसतं उत्तर चालणार नाही!

तुमचा,
गणितवाला काका