कॅप्सूल की दुर्बीण?

दोडामार्ग तालुक्यातील अनेक रुग्ण आतड्याच्या तपासणीसाठी बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाची वाट धरतात. परंतु गुदमार्गाने दुर्बीण घालणार या संकोचानेच काहींचे पाऊल अडते, आणि ‘गिळायची कॅमेऱ्याची गोळी नाही का?’ असा प्रश्न वैद्याला येतो.

अमेरिकेत २००१ साली लहान आतड्यासाठी मान्यता मिळालेली ही कॅप्सूल सुखावह खरीच. भूल नको, पोटात हवा भरणे नको. लहान आतड्यातील अज्ञात रक्तस्रावात तिचे मोल निर्विवाद आहे. बृहदंत्राची गोष्ट निराळी. तेथे रुग्ण खरा कंटाळतो तो आदल्या रात्रीच्या रेचनाला, आणि कॅप्सूललाही कोठा तितकाच, किंबहुना अधिक स्वच्छ लागतो. (विरेचन ठाऊक असलेल्या आपल्या रुग्णांना हे चटकन पटते.) शिवाय ती केवळ पाहते; तपासणीसाठी तुकडा घेत नाही, पॉलिप काढत नाही. काही आढळले की पुन्हा रेचन, पुन्हा दुर्बीण! आतडे कोठे अरुंद असल्यास ती अडकूनही बसते.

शौचावाटे रक्त जाणाऱ्या प्रौढ रुग्णास अर्श समजून महिनोन्महिने औषध देत राहणे मला मान्य नाही. सोबत कोण येणार, रेचक केव्हा घ्यायचे, भूल दिल्यास त्या दिवशी गाडी चालवायची नाही, हे सारे सांगून त्याला दुर्बिणीसाठी वेळीच धाडावे.